मीटिंग संपली की लगेच पळू नका

मागच्या अंकात दारू सोडण्याबद्दल लिहिताना शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : एकट्यानं जमत नसेल तर गटात जा. पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर. कुठं जायचं, कोण असतं तिथं, आत काय करतात. तेव्हा या वेळी फक्त तेवढंच.

सदराखाली नाव का नसतं, असंही दोघातिघांनी विचारलंय. मी स्वतः अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचा, म्हणजे एएचा सभासद आहे आणि बरीच वर्षं मीटिंगला जातो. सभासदानं छापील कागदावर, रेडिओवर किंवा पडद्यावर एएवाला म्हणून स्वतःची ओळख द्यायची नाही, असं एएची अकरावी परंपरा सांगते (परंपरा म्हणजे गटांनी पाळायचे बारा संकेत). मी एएच्या वतीनं बोलत नाही, तसं बोलायचा अधिकार तिथं कुणा एकाला नसतोच. जे सांगतो ते माझ्यापुरतं.

वय ४६. रोज रात्री पितो, पण नोकरी शाबूत आहे. एए असं काही असतं हे ऐकून आहे. पण ही मंडळी जमतात कुठं? ना पाटी, ना जाहिरात. आणि आत गेल्यावर सगळ्यांसमोर उभं राहून 'मी बेवडा आहे' असं म्हणावं लागतं का? ओळखीचं कुणी निघालं तर? : एक वाचक

पाटी नसते हे खरं. गटाच्या मालकीची जागाच नसते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, रुग्णालयातली एखादी रिकामी खोली ठरावीक वारी तास-दीड तास घेतात. त्यामुळं जागा बदलतात, वेळाही बदलतात, आणि याद्या मात्र जुन्याच फिरत राहतात. यादीत पत्ता सापडला म्हणून थेट जाऊन थडकू नका. बंद दारासमोर उभं राहायची पाळी आली, तर नवा माणूस तिथूनच बारकडं वळतो आणि 'गेलो होतो, कुणी नव्हतं' हे कारण त्याला महिनोन् महिने पुरतं.

आधी फोन करा. एएच्या संकेतस्थळावर देशवार कार्यालयांचे आणि हेल्पलाइनचे नंबर आहेत. 'मीटिंग गाइड' नावाचं एएचं मोफत अॅप आहे, त्यात जवळच्या मीटिंग दिसतात, मात्र सगळीकडचे सगळे गट त्यात नसतात. तुमच्याकडचे दिसले नाहीत तर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. तिथल्या समाजसेवकाला गट पाठ असतात, कारण तोच रोज कुणाला तरी तिकडं धाडत असतो. फोनवर एवढं विचारून घ्या : मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, कुठल्या भाषेत चालते, आणि नेमकं कुठल्या दारानं आत यायचं. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण पहिल्या दिवशी माणूस नको त्या जिन्यावर चढतो आणि तिथून परत फिरतो. 'कुणी दाराशी थांबेल का' असंही विचारा. बहुतेक ठिकाणी थांबतात.

फोन करायची लाज वाटत असेल तर सांगतो, एएची सुरुवातच फोनवरून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी न्यूयॉर्कहून ओहायोतल्या अॅक्रनला आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचा डाव फसलेला, शनिवारची दुपार, आणि हॉटेलच्या लॉबीत एका अंगाला बार, दुसऱ्या अंगाला टेलिफोन. त्यानं चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना फोन लावला. मला एखाद्या बेवड्याशी बोलायचंय, असं त्याचं मागणं. नावांवरून नावं मिळत गेली, आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. रात्रीचे अकरा वाजून गेले तेव्हा उठले. त्यानंतर ते एकदा घसरले, आणि १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच दिवस एएचा स्थापनादिवस मानतात.

आता तुमची खरी भीती. नाही, उभं राहावं लागत नाही. बोलावंच लागतं असंही नाही. हजेरीपट नाही, फॉर्म नाही, आडनाव कुणी विचारत नाही. सभासद व्हायला एकच अट आहे, पिणं थांबवायची इच्छा. पिणं थांबलेलं असावं अशी अट नाही, हा फरक नीट वाचा. क्लोज्ड मीटिंगला दारूचा त्रास असलेलेच बसतात. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी. नुसतं बघायचं असेल तर ओपनला जा.

आत कसं असतं? वीसेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरलेल्या. समोर एक टेबल, त्यावर काही पुस्तकं आणि प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले कागद, हात लागून लागून कोपरे मऊ पडलेले. त्यावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडायला सभासदानं स्वतः करायच्या गोष्टी, आणि बारा परंपरा छापलेल्या असतात. त्या दिवशीचा चेअरपर्सन सुरुवात करतो, कुणी पायऱ्या वाचतं, कुणी परंपरा. मग शेअरिंग. एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. कुणी मधे बोलत नाही, सल्ला देत नाही, 'तू असं करायला हवं होतंस' म्हणत नाही. बाहेरच्या जगातून आलेल्या माणसाला ही शांतता आधी विचित्र वाटते. आपण काहीतरी भयंकर बोलावं आणि समोरून फक्त 'थँक यू' यावं, याची सवय नसते. तुमच्यावर पाळी आली तर 'आज फक्त ऐकायला आलोय' म्हणा, पाळी पुढं जाते. मधे एक पिशवी किंवा डबा फिरतो. खोलीचं भाडं, पुस्तकं यांसाठी. सातव्या परंपरेप्रमाणं गट आपला खर्च आपणच भागवतो, बाहेरून देणगी घेत नाही. पहिल्यांदा आलेल्यानं त्यात काही टाकायची गरज नाही. पिशवी पुढं द्या, कुणी बघत नसतं.

ओळखीचं कुणी निघालं तर? निघतं कधी कधी. पण तोही त्याच खुर्चीवर बसलेला असतो, तेव्हा बाहेर जाऊन तो काय सांगणार? मला स्वतःला जास्त गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सगळ्या गल्लीनं आपल्याला रात्री भिंत धरून चालताना पाहिलेलं असतं, तेव्हा आपण लपलो नाही. लपावंसं वाटतं ते मीटिंगला जाताना.

आणि आता या सगळ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. नवा माणूस दाराजवळची खुर्ची धरतो, मांडीवर हेल्मेट, चावी हातात. शेवटची प्रार्थना संपायच्या आत तो जिन्यात असतो. असं करू नका. मीटिंगनंतरची दहा-पंधरा मिनिटं थांबा. खुर्च्या उचलायला हात लावा, म्हणजे नुसतं उभं राहिल्यासारखं वाटत नाही. आत सगळे ठरल्या पद्धतीनं बोलतात, इथं साधं बोलतात. कुणीतरी वहीचं पान फाडतं आणि चार-पाच जण त्यावर नंबर लिहून देतात. नुसती पहिली नावं, वेगवेगळी अक्षरं, कुणाचं गिचमिड, कुणाचं शाळामास्तरासारखं. तो कागद पाकिटात ठेवा. संध्याकाळी सातला हात थरथरायला लागतो तेव्हा मीटिंगमधलं एकही वाक्य आठवत नाही. त्या वेळी तो कागद कामाला येतो. एएवाल्याला असा फोन आला की उपद्रव वाटत नाही. त्याचीही ती संध्याकाळ त्यानं निभते, हे थोडं आत गेल्यावर कळतं.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा. कुठं पुस्तक वाचून चर्चा करतात, कुठं एकाच पायरीवर बोलतात, कुठं एकच वक्ता आपली सगळी कहाणी सांगतो. एखाद्या गटात दोन जुनेजाणते सगळा वेळ खाऊन टाकतात, हेही बघितलंय. पाचसहा वेगवेगळ्या मीटिंग करा, मग ठरवा. आणि गट निवडायची माझी एकच कसोटी : मीटिंगनंतर लोक रेंगाळतात का? पाच मिनिटांत दिवे मालवून पांगणारा गट नव्या माणसाच्या फारसा उपयोगाचा नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्याही आधीची. तुम्ही रोज पिता. मीटिंगच्या उत्साहात एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. रोजच्या भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती तुटली की काही तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भान सुटतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. हे मनाच्या जोरावर काढायचं दुखणं नाही. औषधं आहेत, गरज पडली तर काही दिवस दाखल व्हायचं. मीटिंगला तिथून थेट जाता येतं.

माझे मिस्टर पितात. मीटिंगचा पत्ता काढून दिला, दोनदा सोबत नेलं, ते बाहेरच थांबले. आता मी काय करू? मुलगी चौदा वर्षांची आहे, ती कुणाशी बोलत नाही. : एक गृहिणी

ताई, त्यांचा पत्ता तुम्ही काढून झालाय. आता तुमचा काढा.

अल-अॅनॉन हा पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी एका मैत्रिणीबरोबर १९५१ मध्ये तो उभा केला. नवरे मीटिंगला बसायचे आणि बायका बाहेर ताटकळत असायच्या. ताटकळता ताटकळता त्यांच्या लक्षात आलं, की पिणारा सुधारला तरी आपण अजून दाराच्या आवाजाकडंच कान लावून बसतोय. मिस्टर पीत असोत, सोडलेली असो, घर सोडून गेलेले असोत, तुम्ही जाऊ शकता. त्यांना सांगितलंच पाहिजे असंही नाही. तिथं तीन वाक्यं सारखी कानावर पडतील : हे मी घडवलं नाही, हे मी आवरू शकत नाही, हे मी बरं करू शकत नाही. पहिलं वाक्य ऐकून बायकांना रडू येतं. मला विचाराल तर तिसरं जास्त अवघड. त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

मुलीसाठी अलाटीन आहे, पिणाऱ्यांच्या घरातल्या किशोरवयीन मुलांचा गट, १९५७ पासूनचा. जवळपास नसेल तर ऑनलाइनची चौकशी अल-अॅनॉनकडंच करा. तिला ओढून नेऊ नका. तुम्ही दोनचार वेळा जाऊन या, घरात काय बदलतंय ते तिला न सांगता कळेल.

मिस्टरांना न्यायचं तर बाटली, लाज, मुलीची शपथ यातलं काही वापरू नका. ओपन मीटिंग कधी असते ते एकदा सांगा. शक्य असेल तर एखाद्या सभासदानं त्यांना फोन करावा असं गटाला विचारा, पण त्यांची हरकत नसेल तरच. मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. आधी तुम्ही आणि मुलगी सुरक्षित जागी.

मी नास्तिक आहे. त्या पायऱ्यांत जिथं तिथं देव. मला हे पचणार नाही. दुसरं काही आहे का? : एक प्राध्यापक

आहे, आणि चांगलं आहे. स्मार्ट रिकव्हरी ही संस्था १९९४ मध्ये सुरू झाली. विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसोपचारातून घेतलेली तंत्रं तिथं वापरतात. देव नाही, पायऱ्या नाहीत, आयुष्यभराचं सभासदत्व नाही. प्रशिक्षण घेतलेला माणूस मीटिंग चालवतो आणि तिथं एकमेकांशी चर्चा चालते, एएसारखं फक्त ऐकणं नाही. तुमच्यासारख्या वाद घालायची सवय असलेल्या माणसाला ते मानवेल. लाइफरिंग हाही धर्म बाजूला ठेवणारा गट. दोघांच्याही मीटिंग ऑनलाइन असतात.

पण एएवर काट मारायच्या आधी एक. सुरुवातीच्या सभासदांतच हट्टी नास्तिक होते, आणि त्यांच्या आग्रहामुळं तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत 'आपल्याला जसा उमगला तसा' ही पुस्ती देवाला जोडली गेली. मी ओळखतो त्यातले कितीतरी जण पायऱ्यांतली 'उच्चशक्ती' म्हणताना मनात समोरच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं धरतात. नास्तिकांसाठीचे वेगळे एए गटही आहेत. प्रार्थना सुरू झाली की गप्प उभे राहा, कुणी ओठ तपासत नाही. तरी अंगावर आलंच, तर स्मार्टला जा. सोबर, म्हणजे दारूविना, राहणं महत्त्वाचं, कुठल्या खोलीत राहिलात याला माझ्या लेखी किंमत नाही. (हे वाक्य आमच्यातल्या काही कडव्या मंडळींना आवडणार नाही. त्यांची पत्रं येतीलच.)

मी स्वतः पिते. घरी कुणाला माहीत नाही. एका मीटिंगला गेले, सगळे पुरुष. एकानं लगेच नंबर मागितला, रात्री मेसेज. पुन्हा जावंसं वाटत नाही. : वय ३४

तुम्ही गेलात तो गट सोडा, गट सोडला म्हणजे इलाज सोडला असं नाही.

जे झालं त्याला आमच्यात टोपणनाव आहे, 'तेरावी पायरी'. जुना सभासद नव्या, हळव्या अवस्थेतल्या माणसाच्या मागं लागतो त्याला असं म्हणतात. नाव पडलंय म्हणजे प्रकार नवा नाही, आणि नाव विनोदी असलं तरी प्रकार विनोदी नाही. त्या माणसाला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. ब्लॉक करा. जमलं तर गटाच्या सेक्रेटरीला किंवा तिथल्या जुन्या स्त्री सभासदाला सांगा. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या करून घेणारा अनुभवी सभासद, स्त्रीसाठी स्त्रीच असावी हा जुना शहाणा संकेत आहे.

फक्त स्त्रियांच्या एए मीटिंग असतात, हेल्पलाइनवर नेमकं तेच विचारा. गावात, शहरात नसतील तर ऑनलाइन बघा. 'ऑनलाइन इंटरग्रुप'च्या यादीत दिवसरात्र चालणाऱ्या मीटिंग आहेत, स्त्रियांच्या वेगळ्या काढता येतात. कॅमेरा बंद ठेवा, नावाच्या जागी एखादं अक्षर टाका, चालतं. समाजशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये विमेन फॉर सोब्रायटी हा गट काढला तो याच जाणिवेतून, की पुरुषाला 'अहंकार खाली ठेव' हे सांगणं ठीक, पण जिला आधीच कुणी किंमत दिलेली नाही तिला तेच सांगून काय मिळणार. तेही बघा.

घरी इतक्यात सांगायलाच हवं असं नाही. डॉक्टरांना मात्र खरं प्रमाण सांगा, निम्मं करून नको.

याचा खरंच उपयोग होतो असा काही पुरावा आहे का, की नुसती श्रद्धा? आणि डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन दिलंय. गटातला एक जण म्हणाला, गोळी घेणारा खरा सोबर नाही. : एक वाचक

पुरावा आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळून एकत्र मांडणाऱ्या संस्थेचा आढावा आला, २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. एएकडं पद्धतशीरपणे वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते, इतर मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे चमत्कार नाही, पण फरक आहे. आणि निम्म्याहून जास्त लोकांची दारू पहिल्या वर्षात पूर्ण सुटली नव्हती, हेही त्याच आकड्यात लिहिलंय. पुढं काही अडलं तर 'मीच नालायक' म्हणायच्या आधी हा आकडा आठवा.

गोळीबद्दल त्या सद्गृहस्थांचं ऐकू नका. सभासदानं डॉक्टर बनू नये, हे एएच्याच पत्रकात छापलेलं आहे. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडायला मदत करणारी, डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची मान्य औषधं आहेत. गोळी बंद करायची तर ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून.

वर्षभर सोबर होतो. मेडल घेतलं, टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यात लग्नकार्यात घसरलो, आता रोज चालू आहे. कुठल्या तोंडानं जाऊ? आज घेतलेली असेल तर येऊ देतात का? : नाव नको

येऊ देतात. गोंधळ घालत नसाल तर कुणी बाहेर काढत नाही. त्या दिवशी घेतलेल्यानं बोलू नये, फक्त ऐकावं, असा बऱ्याच गटांचा संकेत आहे. तो पाळा, तुमचंही भलंच आहे. गाडी स्वतः चालवत येऊ नका. त्या नंबरांच्या कागदावरच्या कुणालाही फोन करा, न्यायला येतील. पुन्हा रोज सुरू झालीय म्हणता, तेव्हा वर पहिल्या पत्रात डॉक्टरांबद्दल लिहिलंय ते तुम्हालाही लागू.

तोंडाचं म्हणाल तर जुन्याच गटात जा. नव्या गटात पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते, आणि घसरल्याची लाज तिथं लपवता येते म्हणूनच तो मोह होतो. जुन्या गटात टाळ्या वाजवणाऱ्यांतले किती जण स्वतः घसरून परत आलेत, ते तुम्ही मेडल घेताना विचारलं नसेल. या वेळी विचारा. मीटिंगनंतर, खुर्च्या उचलताना.